आजीची ओवी, पत्र्याचं घर आणि माईकवरच्या तीन खुणा

तर झालं असं. गेल्या मे महिन्यात मी मंचरच्या स्टँडवर उतरले, तेव्हा पाठीवरच्या बॅगेत मित्राकडून मागून आणलेला एक स्टुडिओ माईक होता. माझी आजी आंबेगाव तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय ऐंशीच्या पुढं. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. किती येतात ते तिलाही सांगता येत नाही, कारण खुंट्याला हात लागल्याशिवाय त्या आठवतच नाहीत. घरातलं जातं कित्येक वर्षं गोठ्याच्या कडेला पडून होतं. ते धुऊन-पुसून आत आणलं, शेजारच्या काकूंना जोडीला बसवलं, लॅपटॉप उघडला आणि दोघींनी चांगलं तासभर दळलं.

पुण्यात येऊन हेडफोन लावले. जात्याची घरघर ऐकू आली. वरच्या पत्र्यावर आपटून येणारा आवाज ऐकू आला. रस्त्यानं कांदा घेऊन गेलेला ट्रॅक्टर आला, आणि त्यावर लावलेलं गाणं तर इतकं स्वच्छ की शब्द लिहून काढावेत. आजी मात्र विहिरीच्या तळातून गात होती.

मित्राला फाईल पाठवली. त्याचं एका ओळीत उत्तर आलं, "माईकचं बटण कशावर होतं?"

माईकला असलं काही बटण असतं, हेच मला माहीत नव्हतं. मास कम्युनिकेशनची डिग्री आहे माझ्याकडे, हे इथं मुद्दाम सांगते.

तर आजचा विषय ते बटण. बारीकसं असतं, त्याच्या शेजारी तीन खुणा असतात: एक गोल, एक उलटा बदाम आणि एक इंग्रजी आठाचा आकडा. जुन्नर-आंबेगाव भागात आता गावोगावी कुणी ना कुणी रेकॉर्डिंग करतंय. बैलगाड्याची गाणी, भजनी मंडळांचे अभंग, आजोबांच्या मुलाखती, सगळं यूट्यूबवर येतंय. माईक घेताना लोक 'मल्टी पॅटर्न आहे का' असं विचारतातही. पण ती खूण कधी बदलायची, हे विचारणारे थोडेच.

माईकला मेंदू नसतो

यात्रेच्या गर्दीत तुम्ही उभे आहात. पाळण्याचा आवाज, पिपाण्या, देवळाची घंटा, आणि तेवढ्यात लांबून कुणीतरी तुमच्या नावानं हाक मारतं. ती तुम्हाला ऐकू येते. कानात सगळंच शिरलेलं असतं, निवड मेंदू करतो. आजीच्या समोर बसून मला तिची ओवी छान ऐकू येत होती, कारण जातं आणि ट्रॅक्टर माझ्या मेंदूनं आपोआप बाजूला सारले होते.

माईकला ही सोय नाही. त्याला फक्त दिशा कळते, आणि ती कुठली हे आपण सांगायचं असतं. माईक कुठल्या बाजूनं किती ऐकतो, याचा जो नकाशा, त्याला पोलर पॅटर्न म्हणतात. ज्या माईकचा हा नकाशा बदलता येतो तो मल्टी पॅटर्न माईक.

कंडेन्सर म्हणजे पंख्यातला तोच शब्द

पंखा हळू फिरायला लागला की वायरमन सांगतो, "कंडेन्सर गेलाय." कंडेन्सर माईकमधला कंडेन्सर त्याच जातीचा: समोरासमोर दोन पाट्या, मध्ये फट, आणि त्यावर साठवलेला विजेचा भार. फरक एवढाच की माईकमध्ये एक पाटी ही पाटी नसून ताणलेला पडदा असतो. मोठ्या स्टुडिओ माईकमध्ये तो साधारण एक इंच रुंद, केसाहून कितीतरी पातळ आणि बहुतेक वेळा सोन्याचा मुलामा दिलेला. आवाज आला की पडदा थरथरतो, फट कमी-जास्त होते, आणि तो बदल विजेच्या रूपात बाहेर पडतो. अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी हा माईक १९१६ साली तयार केला. पडदा इतका हलका असल्यामुळे तो बारीक आवाजही टिपतो. श्वास, बांगडी, दुसऱ्या खोलीतला फ्रिज, सगळं.

याला चालायला वीज लागते. ऑडिओ इंटरफेसवर '४८ व्होल्ट' असं बटण असतं ते त्यासाठी. हा ४८ आकडा आला कुठून, त्याची गोष्ट गमतीची आहे. १९६६ मध्ये जर्मनीच्या न्यूमन कंपनीला नॉर्वेच्या रेडिओसाठी नवे माईक द्यायचे होते. नॉर्वेत हिवाळ्यात अंधार फार, म्हणून त्यांच्या स्टुडिओत जादाच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची वीज आधीच खेळवलेली होती. तीच माईकला वापरली, आणि पुढं जगभर तोच आकडा रूढ झाला. माईक लावलाय पण आवाजच नाही, अशी तक्रार असेल तर दहातल्या नऊ वेळा हे बटण दाबायचं राहिलेलं असतं. (यूएसबीवर चालणाऱ्या माईकना ते लागत नाही.)

एका माईकचे तीन नकाशे कसे होतात

आता मुख्य गंमत. आधी एकच पडदा घ्या. त्याच्या मागच्या धातूच्या पाटीला बारीक भोकं असतात. माईकच्या पाठीमागून येणारा आवाज त्या भोकांतून थोडा रखडत पडद्याच्या पाठीवर पोचतो, आणि तोवर वळसा घालून पुढच्या बाजूलाही आलेला असतो. दोन्हीकडून एकाच वेळी सारखाच रेटा बसला की पडदा जागचा हलत नाही. समोरून येणाऱ्या आवाजाचं मात्र असं होत नाही. म्हणून हा पडदा पुढचं ऐकतो आणि मागचं सोडून देतो. याचा नकाशा काढला तर बदामासारखा दिसतो. तो बदाम, म्हणजे कार्डिऑइड.

१९३५ च्या सुमारास जर्मनीत फोन ब्राउनम्यूल आणि वेबर या दोघांनी एकाच पाटीच्या दोन्ही अंगांना एकेक पडदा बसवला. म्हणजे एक बदाम पुढं तोंड करून, दुसरा मागं तोंड करून. आता हिशेब सोपा आहे. मागचा पडदा बंद ठेवला तर साधा बदाम. दोन्ही पडद्यांचे आवाज मिळवले तर चौफेर ऐकणारा गोल. एकातून दुसरा वजा केला तर पुढं आणि मागं ऐकणारा, पण दोन्ही बगलांना ठार बहिरा असा आठाचा आकडा. बटण फिरवताना माईकच्या आत काहीही फिरत नाही, फक्त पडद्यांना मिळणारी वीज बदलते.

न्यूमनच्या १९४९ च्या 'यू ४७' मध्ये गोल आणि बदाम असे दोन पर्याय होते. ऑस्ट्रियाच्या एकेजी कंपनीनं १९५३ मध्ये आणलेल्या 'सी १२' ला तर नऊ. आज ऑडिओ टेक्निकाच्या 'एटी २०५०' सारख्या त्यामानानं स्वस्त माईकमध्ये हे तीन नकाशे मिळतात, आणि पॉडकास्टवाल्यांच्या टेबलावर हमखास दिसणाऱ्या 'ब्लू येती' मध्ये चार.

जुन्नरकरांना हे मिळवणी-वजाबाकीचं तंत्र परकं वाटायचं कारण नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मधल्या भागात आणि बाकीच्या तीन हातांसारख्या साधारण २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. तिथंही प्रत्येक अँटेनाचा सिग्नल एकमेकांशी जुळवूनच आकाशातला नेमका कोपरा 'ऐकला' जातो. कामाचा पसारा वेगळा, पण दोन ठिकाणी ऐकलेलं एकत्र करून दिशा काढायची, हे सूत्र तेच.

माझं काय चुकलं

माझा माईक गोलावर होता. गोल वाईट नाही. शांत, भरल्या घरात, चौघं-पाचजण माईकभोवती रिंगण करून गात असतील तर गोलासारखं नैसर्गिक दुसरं काही नाही. पण माझ्यासमोर होतं पत्र्याचं छप्पर, सिमेंटच्या भिंती आणि शहाबादी फरशी. असल्या खोलीत प्रत्येक आवाज चार वेळा आपटून येतो, आणि गोल ते चारही उचलतो. हिशेब असा आहे की खोलीचा घुमारा तेवढाच ठेवायचा असेल, तर गोलाच्या माईकपेक्षा बदामाचा माईक गायकापासून साधारण १.७ पट लांब ठेवला तरी चालतो. उलट सांगायचं तर गोलावर मी जितकी लांब बसले होते, तितकी मी बसायलाच नको होती.

मग बदाम लावायचा का? एकटी आजी असती तर हो. माईकचं तोंड तिच्याकडे, पाठ रस्त्याकडे, काम झालं. पण जात्यावर दोघी समोरासमोर बसतात. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलायची, खुंटा दोघींच्या हातात. बदाम आजीकडे केला तर समोरच्या काकू बरोबर त्याच्या पाठीमागे येतात आणि गायब होतात. दोघींतली ती देवाणघेवाणच गेली, तर ओवीतलं अर्धं गेलं.

इथं आठ कामाला येतो, आणि मला हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. माईक उभा धरा, दोघींच्या बरोबर मध्ये, तोंडांच्या उंचीला, खुंट्याच्या फिरत्या हातांच्या वर. लांब आडव्या दांडीच्या स्टँडवरून तो वरून उलटा टांगला तर जास्त बरं. आठाचा एक डोळा आजीकडे, दुसरा काकूंकडे. आता बहिऱ्या बाजू कुठल्या? नकाशा कागदावर सपाट काढतात म्हणून आपल्याला डावी आणि उजवी बगल तेवढी दिसते. प्रत्यक्षात आठाचा बहिरेपणा मधल्या अख्ख्या पातळीत असतो: डावीकडे, उजवीकडे, थेट वर आणि थेट खाली. थेट वर काय आहे? पत्रा. थेट खाली? जातं. दरवाजाची बाजू बगलेत घेतली तर रस्ताही गेला.

जात्याची घरघर पूर्ण जात नाही. भिंतीवर आपटून थोडी परत येतेच, आणि ती थोडी हवीच असते, नाहीतर ओवीचा ठेका कशावर चाललाय ते कळत नाही. आठाचे दोन डोळे बायकांच्या मागच्या भिंतीही बघत असतात, म्हणून दोघींच्या पाठीमागे दोरीवर एकेक गोधडी टाकायची. स्टँडच्या पायांखालीही एक, चौपदरी करून, म्हणजे फरशीतून येणारा हादरा माईकपर्यंत जात नाही. यासाठी वेगळा फोम विकत घ्यायला लागत नाही. आजीच्या हातच्या गोधड्या तेच काम करतात, दिसतातही छान.

हे कशासाठी एवढं?

ओव्या गोळा करण्याचं मोठं काम पुण्यातून झालंय. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखावर ओव्या नोंदवल्या गेल्या. पुढं बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या अनेकींचं ध्वनिमुद्रण केलं, आणि आज 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात. त्यातली कुठलीही एक उघडून ऐका. कागदावरची ओवी आणि आवाजातली ओवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका मिनिटात कळतं.

दिवाळीत मी पुन्हा गेले. तेच जातं, त्याच काकू, माईक आठावर. रेकॉर्डिंग चांगलं झालं. पण मे महिन्यात आजीनं तिच्या भावावरची एक ओवी म्हटली होती, ती यावेळी आली नाही. मी आठवण करून दिली, तर ती म्हणाली, "तवा आली, आता न्हाय येत." माझ्याकडे ती ओवी आहे, ट्रॅक्टरच्या गाण्याखाली दबलेली. शब्द बरेचसे लागले, दोन जागी काहीच लागत नाही. नंतर सॉफ्टवेअरनं आवाज साफ करून बघितला. त्यानं ट्रॅक्टरबरोबर आजीचा गळाही खरवडून काढला.

ढोलकी आली की गणित बदलतं

नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. भाऊ-बापू मांग नारायणगावकर आणि त्यानंतर विठाबाई नारायणगावकर यांचं हे गाव, आणि यात्रांच्या हंगामात सुपारी द्यायला गावोगावचे कारभारी आजही इथल्या राहुट्यांवर येतात. पण एक गोष्ट आधीच सांगते: हा स्टुडिओ माईक फडाच्या स्टेजवर नेऊ नका. समोर कर्णे लावलेले असताना इतका हळवा माईक लगेच शिट्टी मारतो. तिथं शुअरच्या 'एसएम ५८' सारखा दणकट डायनॅमिक माईकच बरा, हातातून पडला तरी चालतो.

बंद खोलीत गण-गवळण किंवा लावणी रेकॉर्ड करायची असेल तर मात्र एका मल्टी पॅटर्न माईकवरही चांगलं काम होतं, अट एकच, माणसं हलवायची तयारी पाहिजे. मिक्सरवर करायचं काम पावलांनी करायचं. गायिका माईकसमोर हात-दीड हातावर. झीलकरी तिच्या मागे दोन पावलं, थोडे बाजूला. तुणतुण्याचा आवाज बारीक, ते पुढं घ्या. ढोलकी आणि हलगी लांब, माईक बदामावर असेल तर त्याच्या बगलेकडे. बदाम बगलेतून येणारा आवाज समोरच्याच्या मानानं ६ डेसिबलनं कमी ऐकतो, आणि अंतर दुप्पट केलं की मोकळ्या जागेत अजून साधारण ६ डेसिबल उतरतो. दोन्ही मिळून ढोलकी बरीच ताळ्यावर येते. भजनी मंडळातही हेच, फक्त टाळकऱ्यांना फार जवळ घेऊ नका. टाळाच्या किणकिणाटापुढं अभंगाचे शब्द टिकत नाहीत.

उरलेली दोन बटणं

बहुतेक मल्टी पॅटर्न माईकवर आणखी दोन बटणं असतात. एकावर 'उणे १०' असं काहीतरी लिहिलेलं असतं. हा पॅड. आवाज एवढा मोठा असेल की रेकॉर्डिंग फाटतंय, तर तो लावायचा. हलगीला लागेल, ओवीला कधीच नाही.

दुसऱ्यावर तिरकी रेघ असते, काही ठिकाणी '८० हर्ट्झ' असा आकडा. हे त्याखालचे खर्जातले आवाज कापतं. शेतातल्या मोटारीची घुमी, लांबच्या वाहनाचा गुरगुराट, विजेच्या लाईनची ५० हर्ट्झची घूं यांचा जोर त्यानं कमी होतो. बाईमाणसाचा गळा त्याच्या बराच वर असतो, त्याला धक्का लागत नाही. ढोलकी-पखवाज असेल तर मात्र बटण बंद ठेवा, नाहीतर धुमाचं वजनच जातं. आपल्याकडे मोटारी कधी चालतात ते लाईटच्या वेळापत्रकावर ठरतं, तेव्हा रेकॉर्डिंगची वेळ ठरवताना 'शेतीची लाईट कधी आहे' हे आधी विचारून घ्या. माझा लॅपटॉप चार्जरवर असताना घूं यायची, बॅटरीवर केला की जायची. हेही एक करून बघा.

आणि आणखी एक चूक, जी मी मेमध्ये केली नव्हती पण पुष्कळजण करतात. हा माईक आईस्क्रीमच्या कोनासारखा टोकाकडून ऐकत नाही, बाजूनं ऐकतो. कंपनीचं नाव किंवा चिन्ह ज्या अंगाला असतं, ती बहुतेक माईकची पुढची बाजू. ब्लू येतीच्या डोक्यावर तोंड ठेवून बोलणारे व्हिडिओत कितीतरी दिसतात. बदाम किंवा आठावर असताना फार जवळ गेलात, चार बोटांवर, तर आवाज जाड आणि घुमा होतो. गोलावर तसं होत नाही.

माईकच नसेल तर? फोन चालेल. बहुतेक फोनचे माईक मुळात चौफेर ऐकणारे असतात, म्हणजे तुम्ही कायम गोलावर आहात असं समजा आणि फोन गाणाऱ्या माणसाच्या वीतभर जवळ न्या. फाईल व्हॉट्सॲपवरून नको, ड्राईव्हवर किंवा केबलनं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि गाणारीचं नाव तिच्याच तोंडून म्हणून घ्या. फाईलचं नाव पुढं बदलतं, पण आत बोललेलं राहतं.

माईक घ्यायचा झाला तर किंमत काही हजारांपासून लाखांच्या घरात जाते. गावातल्या चार-पाच जणांनी मिळून एक घेतला तरी भागतं, रोज लागणारी वस्तू नाही ती. सांभाळायचं मात्र एकानं, आणि तेही पावसाळ्यात जास्त. भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट या पट्ट्यात जूननंतर भिंती ओल धरतात, कपडे आठवडाभर वाळत नाहीत. कंडेन्सरचा पडदा दमट झाला की आवाजात तडतड सुरू होते, चुलीत ओलं लाकूड टाकल्यासारखी. घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचा. तांदळात पुरायचा नाही, त्याची भुकटी आत जाते. तडतड आलीच तर माईक बंद करून दिवसभर कोरड्या खोलीत राहू द्यायचा, हेअर ड्रायर लावायचा नाही.

आमचा डबा आजीच्या घरी फडताळात आहे, तिखटाच्या बरणीशेजारी. मित्रानं माईक अजून परत मागितलेला नाही.